स्पीडब्रेकरनं भागणार नाही

मा. संपादक, स.न.वि.वि.

सायकलवाला ट्रकखाली आला की आपल्याकडं पहिली मागणी होते स्पीडब्रेकरची, त्याआधी ड्रायव्हरला चोप बसलेला असतोच. हायवेवर वेगापायी माणसं जिवानिशी जातात, मान्य. पण गावातल्या चौकात ट्रक जेमतेम चालायच्या स्पीडनं वळत असतो तरी माणूस चाकाखाली जातो, ते कसं काय हे कुणी बघतच नाही.

होतं असं की लांब गाडी डावीकडं वळवायची तर ड्रायव्हर आधी तोंड जरा उजवीकडं काढतो, नाहीतर वळण बसतच नाही. मागच्या सायकलवाल्याला वाटतं गाडी उजवीकडं चालली, डावीकडं जागा दिसते, तो घुसतो, आणि मग गाडी डावीकडं वळायला लागली की मागची चाकं पुढच्या चाकांच्या रेषेत येत नाहीत, आतून कापत येतात. ड्रायव्हर बसलाय उजवीकडं, उंचावर. डाव्या दरवाजाखालची सायकल त्याला दिसत नाही, बऱ्याचदा आरशात पण नाही. पूर्वी त्या बाजूला किन्नर, म्हणजे क्लीनर, असायचा, दरवाजावर थाप मारून गाडी थांबवायचा. आता खर्च परवडत नाही म्हणून बऱ्याच गाड्या एकट्या ड्रायव्हरवर पळतात.

आणि सीझनमध्ये उसाचे ट्रॅक्टर! दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागचं काय दिसणार त्याला? त्यात साइडपट्ट्या खचलेल्या, सायकल न्यायची कुठनं.

लंडनमध्ये २०२१ पासून १२ टनावरच्या ट्रकला ड्रायव्हरला केबिनमधून थेट किती दिसतं त्यावर ० ते ५ स्टार देतात, कमी असतील तर जादा कॅमेरे, सेन्सर बसवल्याशिवाय परमिटच नाही. एवढं आपल्याकडं लगेच होणार नाही हे कळतं. पण ट्रकच्या पुढच्या-मागच्या चाकांच्या मधे बाजूला जे आडवे साइडगार्ड असतात, ज्यानं पडलेला माणूस आत ओढला जात नाही, ते तर आपल्या नियमातही आहेत ना? कितीतरी गाड्यांचे वाकलेले, तारेनं बांधलेले, नाहीतर काढूनच टाकलेले दिसतील, मार्केट यार्डाबाहेर उभं राहून बघा.

गाळप सुरू झालं की रिफ्लेक्टर लावायचे कार्यक्रम होतात, फोटो निघतात, चांगलंय. त्याच दिवशी साइडगार्ड आणि डाव्या बाजूचे आरसे पण तपासा. आणि कुपवाड एमआयडीसीत शिफ्ट सुटायच्या टायमाला वळणावर एक पोलीस उभा करा, नवीन स्पीडब्रेकर नंतर बघू.

– एक सायकलवाला, विश्रामबाग, सांगली