यमू-दुर्गीचा रविवार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः सुरू झाली, तेव्हा मी नाक मुरडलं होतं. जुनी कादंबरी, मानधनाचा प्रश्न नाही, जागा भरायची सोय, असं वाटलं. आता रविवारी सकाळी आमच्याकडे पुरवणीवरून ओढाओढ असते. भाग वाचून झाला की आई तो कात्रीने कापते आणि जुन्या वहीत खळीने चिकटवते. नेमकं त्याच्या पाठीमागे राशिभविष्य असतं, त्यामुळे बाबांचा आठवडा कसा जाणार ते त्यांना कळतच नाही!

मुलगी आठवीत आहे. सुरुवातीला ती दर दोन ओळींनी ‘आजी, माजघर म्हणजे काय? सोवळं म्हणजे?’ विचारत होती. पुढे विचारणं थांबलं आणि ती मोठ्याने वाचायला लागली. तिला धरून ठेवलं ते यमू आणि दुर्गीने. ही कादंबरी स्त्रियांच्या दुःखाची म्हणून आपण शिकलो, परीक्षेत उत्तरंही तशीच लिहिली. मला तरी त्यात दोन मैत्रिणी आहेत हे आठवत नव्हतं. यमूला रघुनाथरावांसारखा जीव लावणारा, लिहायला-वाचायला शिकवणारा नवरा मिळतो आणि दुर्गीच्या वाट्याला छळणारा येतो. दोघी एकाच वयाच्या, निवड दोघींपैकी कुणीच केलेली नाही. एकीचं बरं चाललंय आणि जिवाभावाच्या दुसरीचं नाही, तेव्हा तिच्याशी बोलायचं तरी काय? मुलीच्या वर्गातली एक मैत्रीण यंदा मधेच शाळा सोडून गेली. त्यावर ती घरात कधी बोलली नव्हती. दुर्गीचा एक भाग वाचून झाल्यावर बोलली.

हरिभाऊंनी ही कादंबरी १८९० साली सुरू केलेल्या आपल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून भागाभागानेच दिली. पुस्तक नंतर झालं. पुढच्याच वर्षी, १८९१ मध्ये, संमतिवयाचा कायदा झाला. शरीरसंबंधासाठी मुलीचं किमान वय दहाचं बारा करायचं की नाही यावर पुण्यात रणं माजली होती आणि त्याच पुण्यात लोक यमूची गोष्ट वाचत होते. पुढच्या अंकाची वाट पाहताना तेव्हाच्या माजघरांत काय बोलणं होत असेल, याचं मला फार कुतूहल आहे.

आता तक्रार. भागाच्या शेवटी ‘पुढील रविवारी’ अशी चौकट टाकून आपण दोन ओळींत पुढचं सांगून टाकता. गेल्या खेपेला तर मथळ्यातच फोडलंत. कृपा करून हे बंद करा. दिवाळीच्या जाहिरातींसाठी एक भाग गाळलात तेही आम्ही पोटात घातलं, पण चौकट नको. आईला शेवट माहीत आहे. नातीने किती खोदून विचारलं तरी ती ताकास तूर लागू देत नाही. परवा मात्र मुलगी क्लासला गेल्यावर आई मला हळूच म्हणाली, ‘आता पुढचे भाग तिला एकटीला वाचू देऊ नकोस.’ का, ते इथे लिहीत नाही. मुलगी हे पत्रही वाचणार आहे.

आपली,
एक वाचक, सातारा