हेलिकॉप्टर मिळालं तरी पेढे वाटा

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात आपल्या भागातली तीन मुलं एअरफोर्समध्ये ऑफिसर झाल्याची बातमी आली, वाचून खूप बरं वाटलं, पण हेडलाइन आणि मोठा फोटो फायटरवाल्या मुलाचा आणि बाकी दोघांची शेवटच्या ओळीत नुसती नावं, एक ट्रान्सपोर्ट, एक हेलिकॉप्टर. त्यातली हेलिकॉप्टरवाली माझी पुतणी. तिच्या फोटोसाठी हे पत्र नाही. पण तिला डुंडीगलच्या एअरफोर्स अकादमीत स्ट्रीम, म्हणजे पुढे काय उडवायचं ती शाखा, मिळाली आणि तिचा फोन आला की काका, हेलिकॉप्टर मिळालं, तेव्हा घरात सुतक असल्यासारखं झालं, वहिनींनी सांगून ठेवलेले पेढे नको म्हणून कळवलं, आणि हे कुठल्या घरात, तर जिथे मी स्वतः 20 वर्षांच्या वर हेलिकॉप्टर उडवलंय त्या घरात. तेव्हापासून मनात होतं, आता लिहितोच.

लोकांना वाटतं की फायटरमध्ये जे नापास होतात त्यांना हेलिकॉप्टर देतात. तसं नाहीये हो. सगळी पोरं आधी पिलाटस विमानावर शिकतात, मग त्यांचा चॉईस विचारतात, पण चॉईस म्हणजे हातात ऑर्डर नव्हे, कोणाचा हात कसा चालतो हे इन्स्ट्रक्टर रोज बघत असतात, मेरिट असतं, मेडिकल असतं, आणि त्या कोर्सला कुठल्या स्ट्रीममध्ये किती जागा आहेत हेही असतं. त्यावरून कोणी फायटरला जातो आणि पुढे बीदरला हॉक या ट्रेनर जेटवर शिकतो, कोणी ट्रान्सपोर्टला येलहंकाला, कोणी हेलिकॉप्टरला हकीमपेटला. चांगल्या मेरिटची पोरंही हेलिकॉप्टरला येतात, मी शिकवलीत ना अशी.

आणि काम काय कमी आहे का? 2013 साली लडाखमधल्या दौलत बेग ओल्डीच्या धावपट्टीवर, 16,614 फुटांवर, सी-130जे हे मोठं मालवाहू विमान उतरवलं ते ट्रान्सपोर्टवाल्यांनी. एप्रिल 2023 मध्ये सुदानला लढाई पेटली होती तेव्हा रात्री, नीट दिवे नसलेल्या वादी सय्यिदनाच्या पट्टीवर नाईट व्हिजन गॉगल लावून उतरले आणि 121 माणसं घेऊन आले तेही तेच. 2018 ला केरळच्या पुरात नौदलाच्या हेलिकॉप्टरनं दोरावरून एका गरोदर बाईला वर घेतलं आणि त्याच दिवशी तिला मुलगा झाला. कारगिलला 1999 मध्ये गुंजन सक्सेना आणि श्रीविद्या राजन या दोघी चीता हे छोटं हेलिकॉप्टर घेऊन जखमी जवानांना आणत होत्या, तेव्हा तर बायकांना फायटर उघडंच नव्हतं, ते झालं 2016 ला.

माझं पहिलं पोस्टिंग लेहला. सियाचीनला चीता दोन-दोन मिळून जातात, आणि सगळ्यात वरच्या पोस्टवर हवा इतकी विरळ की कधीकधी 20-25 किलोच सामान नेता येतं, म्हणजे रॉकेलचा एक कॅन आणि थोडी टपाल. उतरल्यावर इंजिन बंद करायचं नाही, परत सुरू होईल याची खात्री नसते. जवान वाकून धावत येतो, कॅन घेतो, कधी एखादी चिठ्ठी हातात देतो घरी टाकायला, आणि आपण निघायचं, सगळं एक-दोन मिनिटात. त्या दोन वर्षांत जे शिकलो ते पुढे कुठल्याच कोर्सनं शिकवलं नाही.

मग मी चूक केली, ती सांगतोच, कारण ज्युनियर ऑफिसर्स हीच करतात. पाचव्या-सहाव्या वर्षी घराजवळ एका ऑफिसात टेबलाचं पोस्टिंग मिळत होतं, आई आजारी असायची, लग्न ठरत होतं, मी घेतलं. आईसाठी घेतलं त्याचं वाईट वाटत नाही. पण तिचं बरं झाल्यावरही मी तिथेच राहिलो, सोयीचं होतं म्हणून, आणि परत युनिटला गेलो तेव्हा माझ्या मागचे दोघं कॅप्टन म्हणून, म्हणजे हेलिकॉप्टरचे मुख्य पायलट म्हणून, उडत होते आणि मी को-पायलटच्या सीटवर. इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे बाहेर काही दिसत नसताना नुसत्या यंत्रांवर उडवायची परवानगी, परत मिळवण्यात आणि अवर्स, म्हणजे उड्डाणाचे तास, भरून काढण्यात दीड वर्ष गेलं. तसंच एडीसीचं, म्हणजे राज्यपालांसोबत राहणाऱ्या लष्करी अधिकाऱ्याच्या पोस्टिंगचं. राजभवनात एडीसी व्हायचा मान मोठा, ड्रेस सुंदर, घरच्यांना फोटो आवडतात, पण ज्याचे अवर्स अजून कच्चे आहेत त्यानं तिकडे घाई करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पुतणीला मी एवढंच सांगितलंय की पोस्टिंगचा चॉईस विचारला तर गावाचं नाव आणि विमानाचं नाव बघू नकोस, तिथे महिन्याला किती उडायला मिळतं आणि शेजारच्या सीटवर शिकवणारा कोण आहे ते विचार. आणि अवर्स झाले की इन्स्ट्रक्टरचा कोर्स माग. शालिझा धामी बघा, हेलिकॉप्टरच्याच, एअरफोर्समधल्या पहिल्या महिला फ्लाइंग इन्स्ट्रक्टर, 2019 ला फ्लाइट कमांडर झाल्या आणि 2023 मध्ये पश्चिम सीमेवरच्या मिसाईल युनिटची कमांड त्यांच्याकडे आली.

नातेवाईकांचा आणखी एक मुद्दा असतो आणि तो मी उडवून लावत नाही. शॉर्ट सर्व्हिसवाल्या, म्हणजे ठराविक मुदतीसाठी घेतलेल्या, पायलटची नोकरी 14 वर्षांची, पेन्शनला 20 लागतात, मग बाहेर पडल्यावर काय? ट्रान्सपोर्टवाल्याला एअरलाइनचा रस्ता सोपा, हे खरंच आहे. हेलिकॉप्टरवाल्याला जागा कमी, पण आहेत, आपल्या जुहूहून रोज बॉम्बे हायच्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर माणसं नेणारी हेलिकॉप्टर्स उडतातच की, आणि तिथेही तुमचं लॉगबुकच, उड्डाणांच्या नोंदीची वही, बघतात. पण 22-23 वर्षांच्या पोरीनं पहिल्या दिवसापासून पंधराव्या वर्षाचा हिशोब करत उडायचं का, मला नाही पटत. ज्याला पुढची मिनिटभराची हवा बघायचीय त्याचं डोकं तिथेच लागतं.

तर विनंती अशी की पुढच्या डिसेंबरच्या परेडची बातमी छापाल तेव्हा तिघांचे फोटो एकाच आकाराचे छापा आणि कोण काय उडवणार ते दोन ओळीत लिहा, बारावीतली पोरं आणि त्यांचे आईबाप ते वाचतात. वहिनींना पुतणीनं सुट्टीवर आली तेव्हा हकीमपेटच्या तिच्या पहिल्या सोलोचा, म्हणजे एकटीनं केलेल्या उड्डाणाचा, व्हिडिओ दाखवला, परवा त्यांनी स्वतः जाऊन दोन किलो पेढे आणले, गल्लीत वाटले, आमच्याकडे डबा अजून आहे.

आपला,
एक निवृत्त हेलिकॉप्टर पायलट, नाशिक रोड