जीएनएमची वाट दाखवणाऱ्या सिस्टरांना

आदरणीय सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र घरी येऊन हातात देता आलं असतं. पण प्रवेशाच्या याद्या लागल्या की दरवर्षी कितीतरी मुली त्यात आपलं नाव शोधून दमतात. तुम्ही माझ्यासाठी काय केलंत ते त्यांनाही कळावं, म्हणून उघडपणे लिहितेय.

बी.एस्सी. नर्सिंगला माझा नंबर लागला नाही. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज केला, तेव्हाही नाही. खासगी कॉलेजात जागा होती, पण तिथली फी आमच्या शेतीच्या अख्ख्या वर्षाच्या उत्पन्नाला पुरून उरणारी. घरात 'बी.ए.ला टाका, नाहीतर स्थळं बघा' सुरू झालं होतं. मला बाळंतपणाचंच काम शिकायचं होतं. आपल्याकडे मिडवाइफरी नर्सिंगच्या पोटातच शिकवतात, त्यामुळे तिकडे जायच्या वाटा किती, हे बारावीच्या मुलीला कुणी सांगत नाही.

तुम्ही सांगितलंत. उपकेंद्रात लसीकरणाचा दिवस होता, व्हरांड्यात बायका-पोरांची गर्दी. तशातही तुम्ही माझी गुणपत्रिका नीट वाचलीत. म्हणालात, "जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी कर. तीन वर्षांचा डिप्लोमा आहे. नर्स आणि मिडवाइफ, दोन्ही म्हणून नोंदणी होते. पुढे वाटलं तर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक करून बी.एस्सी.ही होता येतं." मग रजिस्टरच्या मागच्या कोऱ्या पानावर कागदपत्रांची यादी लिहून दिलीत. डोमिसाइल आणि नॉन-क्रीमीलेअरच्या खाली दोन रेघा मारल्यात, कारण सेतूत तेच अडकतात. तेच अडकले! तहसीलला माझ्यासोबत तुम्हीच आलात, तेही रजेच्या दिवशी.

अण्णांना नाइट ड्यूटीची धास्ती होती. तुम्ही ओट्यावर बसून त्यांच्याशी बोललात. या गावातल्या किती घरी तुम्ही रात्री-अपरात्री गेलात, आणि प्रत्येक वेळी लोकांनी तुम्हाला घरापर्यंत कसं सोडलं, एवढंच सांगितलंत. अण्णांनी दुसऱ्या दिवशी फॉर्मचे पैसे काढून दिले.

पण सिस्टर, माझ्या मनात सगळ्यात घट्ट बसलंय ते तुम्ही सुट्टीत शिकवलेलं. मी गावी आले की गरोदर बायकांच्या तपासणीला तुम्ही मला शेजारी उभं करायचात. आधी तळहात एकमेकांवर चोळून गरम करायचे. बाईला विचारायचं, "ताई, हात लावू का?" तिने मान हलवली की मगच पोटाला हात. बाळाची पाठ कुठल्या बाजूला, डोकं कुठे, हे बोटांनी शोधायचं आणि पाठीच्या बाजूला फिटोस्कोप, म्हणजे बाळाचे ठोके ऐकायची नळी, टेकवायचा. कान लावला की हात काढून घ्यायचा, नाहीतर आपल्याच बोटांचा आवाज ऐकू येतो. घड्याळ धरून पूर्ण मिनिट मोजायचं. ठोके ११० ते १६० च्या दरम्यान हवेत. मोजून झालं की फिटोस्कोप आईच्या सासूच्या हातात द्यायचात, 'ऐका तुमचं नातवंड'.

प्रसूतीनंतरचंही तसंच. बाळ झाल्यावर मिनिटाच्या आत रक्तस्राव रोखणारं ऑक्सिटोसिन, वार पूर्ण आली का ते तपासणं, आणि मग गर्भपिशवीवर हात ठेवून ती नारळासारखी घट्ट लागतेय ना हे पुन्हा पुन्हा बघणं. "बाळाकडे सगळे बघतात, तू आईकडे बघ," असं तुम्ही म्हणायचात. आज लेबर रूममध्ये नवीन मुली आल्या की मी त्यांना हेच सांगते. कळा देणाऱ्या बाईवर माझ्या ड्यूटीत कुणी ओरडत नाही, हेही तुमच्याकडूनच आलेलं.

२०१८-२० मध्ये महाराष्ट्राचा मातामृत्यूचा दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ पर्यंत खाली आला, तेव्हा खूप अभिनंदनं झाली. माझ्या डोळ्यांसमोर मात्र तुमची पिशवी आली: बीपीचं मशीन, लोहाच्या गोळ्या आणि चिखलाने भरलेल्या चपला. तुमच्यासारख्या एएनएम, म्हणजे उपकेंद्रातल्या सिस्टरांनी वाडी-वस्तीवर जाऊन जोखमीची बाई वेळेत ओळखली नसती, तर पुढच्या मोठ्या दवाखान्यांनी कुणाला वाचवलं असतं? हे श्रेय तुम्हाला कुणी पुरेसं दिलेलं नाही, आणि मला त्याचं वाईट वाटतं.

आता एक बातमी. केंद्र सरकारने २०१८ मध्ये मिडवाइफरी सेवेच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यातला 'नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी' हा १८ महिन्यांचा अभ्यासक्रम मला करायचाय. अर्ज भरून ठेवलाय. निवड झाली नाही तर पुढच्या वेळी पुन्हा भरीन.

आणखी एक काम आहे. आमच्या वॉर्डातल्या मावशींच्या मुलीचं नाव यंदा यादीत आलेलं नाही. तिला घेऊन रविवारी तुमच्याकडे येते. कागदपत्रं मी तपासली आहेत, पण तिच्या वडिलांशी तुम्हीच बोला.

तुमची,
लेबर रूममधली विद्यार्थिनी