बंडखोर पोरांच्या कादंबऱ्या आणि मोठ्यांची काळजी

मा. संपादक,
स. न.

तुमच्या पुरवणीत तरुण मुलांच्या वाचनावरचा लेख वाचला. त्यात म्हटलंय की हल्लीच्या टीनएजर मुलांना डिस्टोपियन कादंबऱ्यांचं, म्हणजे जुलमी सरकार, कुंपणाआडची वस्ती आणि त्याविरुद्ध उठणारी सोळा-सतरा वर्षांची पोरं, या सगळ्याचं वेड लागलंय आणि हे म्हणे निराशेचं लक्षण आहे. मला हे अजिबात पटलं नाही. मी वयाने चांगली मोठी आहे तरी यातल्या बऱ्याच वाचल्यात, काही दोनदा, आणि त्याची लाज वगैरे काही वाटत नाही, म्हणून हे पत्र.

निराशाच मोजायची तर मग मोठ्यांची पुस्तकं काढा ना. ऑर्वेलची 'नाइन्टीन एटी-फोर' १९४९ ची, त्यातला नायक विन्स्टन ३९ वर्षांचा, आणि शेवटी त्याला इतकं मोडतात की ज्याच्याविरुद्ध उभा राहिला त्याच्यावरच त्याचं प्रेम बसतं. त्याआधी १९३२ मध्ये हक्सलीने 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' लिहिलं, तिथे ज्याला ते गोड गुळगुळीत जग नको असतं तो गळफास घेतो. ही पुस्तकं थोर आहेत, वादच नाही, अभ्यासक्रमातही लावतात, पण त्यांच्यापुढे मुलांच्या कादंबऱ्या म्हणजे आशावादाचा कळस वाटतो. निदान तिथे कुणीतरी पळून जातं, कुणीतरी जगतं, सरकारला एखादा तडा तरी जातो.

आता मुलांना यात नेमकं काय आवडतं? माझं म्हणणं असं की रक्तपात आणि अंधार हे वरवरचं आहे, खरी गंमत नियमांत आहे. 'द हंगर गेम्स' (२००८) घ्या. बारा डिस्ट्रिक्ट, दरवर्षी प्रत्येकातून १२ ते १८ वयाचा एक मुलगा आणि एक मुलगी चिठ्ठी टाकून काढायची, असे २४ जण एकमेकांना मारणार आणि सगळा देश टीव्हीवर बघणार, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण त्या चिठ्ठ्यांचा हिशोब कुणी नीट वाचतं का? बाराव्या वर्षी तुमच्या नावाची एक चिठ्ठी, तेराव्या वर्षी दोन, असं करत अठराव्या वर्षी सात. इथपर्यंत सगळ्यांना सारखं. पण घरात खायला नसेल तर एक जास्तीची चिठ्ठी टाकायची आणि त्याबदल्यात एका माणसाचं वर्षभराचं थोडंसं धान्य आणि तेल घ्यायचं, घरातल्या प्रत्येक माणसामागे असं करता येतं आणि या चिठ्ठ्या दरवर्षी साचत जातात. म्हणून कथेची नायिका, सोळा वर्षांची कॅटनिस, तिच्या नावाच्या २० चिठ्ठ्या, पाच वयाच्या आणि पंधरा भुकेच्या. तिचा मित्र गेल अठराचा, मोठं कुटुंब पोसणारा, त्याच्या ४२. चिठ्ठी काढणारा हात अगदी निःपक्षपाती हो, कुणावर अन्याय नाही!

आणि गेलला हेही कळतं की ही योजना नुसती मुलं मिळवायला नाहीये, उपाशी घरं आणि दोन घास जास्त मिळणारी घरं यांनी एकमेकांकडे रागाने बघत बसावं यासाठीच ती आखलीय, म्हणजे वर बसलेल्यांकडे कुणाचं लक्षच जायला नको. हे एका चौदा वर्षांच्या वाचकाला एकदा वाचून कळतं आणि मग आयुष्यभर 'नियम सगळ्यांना सारखाच आहे' हे वाक्य ऐकलं की कान टवकारतात. मला सांगा, नागरिकशास्त्राच्या कुठल्या धड्याने हे केलंय?

लेखिका सुझान कॉलिन्स यांनी सांगितलंय की ही कल्पना त्यांना रात्री टीव्हीचे चॅनल बदलताना सुचली, एका चॅनलवर तरुण मुलं कसल्याशा स्पर्धेत आणि दुसऱ्यावर इराक युद्धाची दृश्यं, दोन्ही एकमेकांत मिसळायला लागलं. म्हणजे 'हे सगळं दूरच्या भविष्यातलं' वगैरे काही नाही, दिवाणखान्यातलंच आहे.

दुसरं उदाहरण उलट टोकाचं. 'द गिव्हर' १९९३ चं, पुढच्या वर्षी त्याला न्यूबेरी पदकही, म्हणजे मुलांच्या पुस्तकांसाठीचा अमेरिकेतला मोठा पुरस्कार, मिळालं. तिथे तुरुंग नाही, चाबूक नाही, सगळे फार सभ्य आहेत, एकमेकांची माफी मागतात. फक्त रंग दिसत नाहीत, जुनं काही आठवत नाही आणि बाराव्या वर्षी समारंभात सांगतात की तू अमुक काम करायचं. आणि कुणालाच काही वाटत नाही! मला तर हे चिठ्ठ्यांपेक्षा जास्त भीतीदायक वाटलं. अमेरिकेत अनेक पालकांनी हे पुस्तक शाळेच्या ग्रंथालयातून काढा म्हणून वेळोवेळी तक्रारी केल्या, मुलांना त्रास होईल म्हणे. त्रास होण्यासाठीच लिहिलंय की. 'डायव्हर्जंट' (२०११) त्या मानाने कच्चं, सोळाव्या वर्षी स्वभावांवरून केलेल्या पाच गटांतला एक निवडायचा आणि मग आयुष्यभर तेच, माणसाचे असे पाचच स्वभाव कसे असतील हा प्रश्न पहिल्या पन्नास पानांतच पडतो. पण छापून आलं तेव्हा लेखिका स्वतः २२ वर्षांची होती आणि ते जाणवतं, 'आता काय ते एकदाचं ठरव' म्हणून सगळे आपल्याकडे बघत असतात तेव्हाची जी धडधड असते ती अगदी खरी आहे.

सगळंच चांगलं असं मी म्हणत नाहीये. २००८ नंतर जी लाट आली त्यातलं निम्मं तरी बंडल होतं. तीच एक वेगळी मुलगी, तिच्या मागे तेच दोन देखणे मुलगे, जग बुडतंय आणि हिचं कुणाला हो म्हणू चाललंय, आणि शेवटी एका लढाईत सरकार धाडकन पडलं की सगळं छान. माझा खरा आक्षेप या शेवटावर आहे. बंडाचं कंटाळवाणं काम यात कुणी दाखवतच नाही. १९४२-४३ मध्ये म्युनिकमध्ये 'व्हाइट रोझ' नावाचा विद्यार्थ्यांचा गट हिटलरविरुद्ध पत्रकं काढायचा, तर त्यांना कागद, पाकिटं, पोस्टाची तिकिटं थोडी थोडी, वेगवेगळ्या ठिकाणांहून घ्यावी लागायची कारण एकदम जास्त मागितली की संशय. सोफी शोलला १८ फेब्रुवारी १९४३ ला पकडलं आणि चारच दिवसांत मारलं, ती २१ वर्षांची होती. धनुष्यबाण नाही काही नाही, डुप्लिकेटर मशीन आणि जागरणं.

म्हणूनच 'हंगर गेम्स'चा तिसरा भाग (२०१०), जो पुष्कळ वाचकांना आवडत नाही, तो मला सगळ्यात आवडतो. बंड जिंकतं आणि बंडाची पुढारी काय सुचवते, तर आता शेवटचा एक खेळ घेऊ, या वेळी राजधानीतल्या मुलांना घेऊन. मतदान होतं, कॅटनिस 'हो' म्हणते, आणि मग जुन्या हुकूमशहाला मारायला दिलेला बाण ती या नव्या पुढारी बाईंना मारते. ते 'हो' रागातून होतं की डाव होता यावर अजूनही लोक भांडतात. आपल्या बाजूची माणसं आपल्या बाजूची आहेत म्हणून चांगली असतात असं नाही, हे पंधरा वर्षांच्या मुलापुढे इतक्या सरळ ठेवणारी पुस्तकं फार नाहीत, मोठ्यांसाठीही नाहीत.

लेखातला शेवटचा मुद्दा होता की हा नुसता पलायनवाद आहे, वाचतात आणि विसरतात. काहींचं तसं होतच असेल, आणि बाजार तर काय, २०१३ मध्ये एका मेकअप कंपनीने 'हंगर गेम्स'मधल्या त्या अत्याचारी राजधानीच्या नावानेच लिपस्टिक-नेलपॉलिश विकायला काढलं, त्यावर न बोललेलंच बरं. पण थायलंडमध्ये मे २०१४ मध्ये लष्कराने सत्ता घेतल्यावर लोकांनी निषेध म्हणून याच कथेतली बंडाची खूण, म्हणजे तीन बोटं, वर केली. त्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या खोन केन शहरात पंतप्रधान प्रयुत यांच्या भाषणात पाच विद्यार्थ्यांनी समोर उभं राहून तेच केलं आणि पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतलं. २०२१ च्या फेब्रुवारीत म्यानमारमध्येही लष्कराने सत्ता घेतली, तर तिथल्या रस्त्यांवर तीच बोटं, आणि त्यांच्या राजदूतांनी तर संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत भाषण संपवताना ती वर केली. पुस्तकामुळे क्रांती झाली असं मी म्हणत नाही, दोन्हीकडे लोकांची स्वतःची कारणं भरपूर होती. पण खूण कुठून घेतली हे तर दिसतंच ना, आणि एका काल्पनिक खुणेला खऱ्या सरकारने अटक करण्याइतकं घाबरावं, याला पलायनवाद कसं म्हणायचं ते लेखकमहाशयांनी मला समजावून सांगावं.

तेव्हा एकच विनंती. पुढच्या वेळी मुलांच्या वाचनावर असं काही छापाल तेव्हा निदान एका पंधरा वर्षांच्या वाचकाला विचारून छापा, आणि त्याने तिसरा भाग भंगार आहे असं लिहिलं तरी एक शब्द न बदलता तसंच येऊ द्या, त्याला उत्तर मी देईन.

आपली,
एक नियमित वाचक