संघ सोडून गेलेल्या खेळाडूचा सन्मान

मा. संपादक,

स. न. वि. वि.

स्वतःहून बदली मागणाऱ्या खेळाडूचा जुन्या चाहत्यांनी सन्मान करावा का, हा प्रश्न अमेरिकी बास्केटबॉलपुरता नाही. आमच्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर एका पेठेचा संघ सोडून दुसऱ्या पेठेकडून खेळणाऱ्या फुटबॉलपटूच्या पायाला चेंडू लागताच उठणारी हुर्यो ज्यांनी ऐकली आहे, त्यांना तो नवा वाटणार नाही.

अमेरिकी बास्केटबॉलपटू व्हिन्स कार्टर 2004 मध्ये बदली मागून कॅनडातील टोरांटो रॅप्टर्स संघातून न्यू जर्सी नेट्स संघात गेला आणि पुढे कित्येक वर्षे टोरांटोत त्याची हुर्यो उडवली गेली. त्याच रॅप्टर्सने 2 नोव्हेंबर 2024 रोजी त्याची 15 क्रमांकाची जर्सी समारंभपूर्वक निवृत्त केली, म्हणजे तो क्रमांक त्याच्या सन्मानार्थ राखून ठेवला. मला हे योग्यच वाटते. आइस हॉकीने झपाटलेल्या शहरात, 1995 मध्ये खेळू लागलेल्या नवख्या संघाला त्याने ओळख दिली आणि 2000 च्या स्लॅम डंक (उंच उडी घेऊन चेंडू थेट बास्केटमध्ये घालण्याच्या) स्पर्धेतील त्याच्या उड्यांनी कॅनडातील कितीतरी पोरांना बास्केटबॉलचे वेड लावले.

जाण्याआधी त्याने जीव तोडून खेळणे सोडले होते, हा चाहत्यांचा राग मात्र मी खोटा म्हणणार नाही. पण मालक बहुतेक खेळाडूंना न विचारता दुसऱ्या संघाकडे धाडू शकतात, तेव्हा निष्ठेचा हिशेब एकट्या खेळाडूकडेच का मागायचा? ज्यांना टाळ्या वाजवायच्या नसतील, त्यांनी समारंभाला खुशाल जाऊ नये.

आपला,
एक क्रीडाप्रेमी वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर