छापखाना आला, पण किल्ली कोणाकडे होती?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत इंग्लंडमधल्या जुन्या छपाईवर लेख आला होता तो मी दोनदा वाचला. लेख छान आहे, पण त्यातलं एक वाक्य काही केल्या पटेना. छापखाना आला आणि ज्ञान सगळ्यांना खुलं झालं, असं त्यात म्हटलंय. असं झालं नाही हो. माझी सगळी नोकरी प्रुफं तपासण्यात गेली, त्यामुळे छापखान्याबद्दल कोणी चार शब्द चांगले लिहिले की मला आनंदच होतो, पण यंत्र येणं वेगळं आणि ते यंत्र कोणी चालवायचं हे ठरणं वेगळं, आणि इंग्लंडात या दोन गोष्टींच्या मध्ये जवळपास सव्वादोनशे वर्षं गेली.

विल्यम कॅक्स्टननं इंग्लंडातला पहिला छापखाना वेस्टमिन्स्टरला टाकला 1476 मध्ये. पुढे 1557 ला लंडनच्या स्टेशनर्स कंपनीला राणी मेरीकडून सनद मिळाली. ही कंपनी म्हणजे पुस्तकं छापणारे, बांधणारे आणि विकणारे यांचा संघ. सनद मिळाल्यावर नियम असा झाला की छपाई करायची तर कंपनीचा सभासद पाहिजे किंवा थेट राजाची परवानगी पाहिजे. मग 1586 च्या हुकुमानं छापखाने फक्त लंडनमध्ये ठेवले, बाहेर ऑक्सफर्डला एक आणि केंब्रिजला एक, बास. बाकी एवढ्या मोठ्या देशात कुठे खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवले तर गुन्हा. आता यात ज्ञान सगळ्यांना खुलं कुठे झालं?

या कंपनीचं एक रजिस्टर होतं आणि सगळी मेख त्यातच आहे. सभासदानं काही पेन्स भरायचे आणि पुस्तकाचं नाव आपल्या नावावर लिहून घ्यायचं. एकदा लिहिलं की ते पुस्तक त्याचं, कायमचं. तो ते विकू शकायचा, दुसऱ्याशी वाटून घेऊ शकायचा, आणि तो वारला की हक्क बायकोकडे जायचा. कितीतरी विधवांनी असे छापखाने आणि दुकानं पुढे नीट चालवली. पण ज्यानं पुस्तक लिहिलं तो या रजिस्टरात मालक म्हणून कुठेच नाही, कारण तो सभासद नाही. त्यानं हस्तलिखित द्यायचं, थोडे पैसे किंवा छापलेल्या काही प्रती घ्यायच्या आणि घरी जायचं. म्हणून मग पुस्तक कुणातरी सरदाराला अर्पण करायचं आणि त्याच्याकडून काही मिळतंय का याची वाट बघत बसायचं. त्या काळच्या अर्पणपत्रिका वाचताना आज आपल्याला अवघडल्यासारखं होतं, पण ती माणसं पोटासाठी लिहीत होती.

आणि सभासदांमध्येही सगळे सारखे नव्हतेच. जी पुस्तकं हमखास खपतात ती राजाच्या फर्मानानं एकेका बड्या माणसाकडे. मुलांच्या मुळाक्षरांचं पुस्तक, म्हणजे घरोघरी लागणारी वस्तू, ते जॉन डे याच्याकडे. 1582 मध्ये रॉजर वॉर्ड नावाच्या मुद्रकानं त्याच पुस्तकाच्या 10,000 प्रती चोरून छापल्या आणि प्रकरण स्टार चेंबर या राजाच्या न्यायालयापर्यंत गेलं. चोरी ती चोरीच, मी तिचं समर्थन करत नाही. पण गरीब मुद्रकांकडे कामच नव्हतं, आणि ज्यांच्याकडे फर्मानं होती ते वर्षानुवर्षं तीच पुस्तकं काढून पैसा करत होते, हेही सांगायला हवं ना.

छापखान्यातल्या कामगारांबद्दल तर लेखात एक ओळ नाही, याचं मला खरंच वाईट वाटलं. डोळ्यासमोर आणा जरा. जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारा, उभ्यानं काम करतोय, समोर तिरप्या ठेवलेल्या दोन केसेस, म्हणजे खिळ्यांच्या खणाखणांच्या पेट्या, वरच्या केसमध्ये मोठी अक्षरं आणि खालच्यात लहान, हातातल्या पट्टीत तो एक एक खिळा बसवतोय, आणि प्रत्येक अक्षर उलटं. खिळे महाग आणि मोजके, म्हणून एक फर्मा, म्हणजे एका वेळी छापायची जुळवलेली पानं, छापून झाला की तो सोडायचा, खिळे परत आपापल्या घरात टाकायचे आणि त्यांनीच पुढचा फर्मा जुळवायचा. म्हणजे चूक मागाहून लक्षात आली तरी परत जाता येत नाही. पलीकडे दोघं प्रेसवर. एक जण लोकर भरलेल्या कातडी गोळ्यांनी शाई लावतोय, दुसरा ओला केलेला कागद घालून दांडा ओढतोय, तासाला अडीचशे कागद हा तेव्हाचा हिशोब, आणि वर दोऱ्यांवर ओले कागद वाळत घातलेले. चांगला पांढरा कागदही बहुतेक फ्रान्सहून यायचा आणि खर्चाचा मोठा भाग तोच खायचा.

शेक्सपिअरच्या 36 नाटकांचा जो मोठा ग्रंथ 1623 ला निघाला तो जॅगर्ड बापलेकांच्या छापखान्यात असाच तयार झाला. त्यातली निम्मी नाटकं आधी कधी छापलीच नव्हती, हा ग्रंथ निघाला नसता तर ती बहुतेक आज आपल्यापर्यंत आलीच नसती. छपाई चालू असतानाच प्रुफं तपासली जायची आणि चूक सापडली की यंत्र थांबवून दुरुस्त करायचे, पण आधी निघालेले कागद कोणी फेकायचं नाही, कारण कागद महाग! म्हणून या ग्रंथाच्या दोन प्रती तंतोतंत सारख्या सापडणं मुश्किल. अभ्यासकांनी तर स्पेलिंगवरून जुळारी वेगळे ओळखलेत, एक जण 'डू' आणि 'गो' यांच्या शेवटी जादा 'ई' लावायचा, दुसरा लावायचा नाही, आणि एकाच्या चुका एवढ्या की तो शिकाऊच असावा. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चारशे वर्षांनी त्या पोराच्या हाताची ओळख पटते, चुकांवरून का होईना.

या कामात जीवही गेलेत. 1663 मध्ये एका पहाटे सरकारी माणसांनी लंडनच्या क्लॉथ फेअर भागात जॉन ट्विन या मुद्रकाच्या घरावर छापा घातला. दार वाजतंय आणि आत तो जुळवलेला मजकूर मोडून टाकायची धडपड करतोय. पुस्तक राजाविरुद्धचं होतं. लेखकाचं नाव त्यानं सांगितलं नाही आणि 1664 मध्ये त्याला देहदंड झाला. लेखक कोण ते आजही जगाला नीट ठाऊक नाही, ज्यानं खिळे जुळवले तो मात्र गेला.

मध्ये एकदा कुलूप तुटलं होतं. 1641 ला स्टार चेंबर बंद झालं, छपाईवरचा त्याचा धाक गेला आणि पत्रकांचा, पुस्तिकांचा नुसता पूर आला. सेंट पॉल्स चर्चच्या आवारात, जिथे लंडनचा सगळा पुस्तकबाजार होता तिथे, जॉर्ज थॉमसन नावाचा पुस्तकविक्रेता होता, तो 1640 ते 1661 रोज मिळेल ते गोळा करत राहिला आणि कितीतरी पुस्तिकांवर हातानं तारीख टाकत राहिला. अशा 22,000 च्या आसपास वस्तू आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. पण 1643 लाच पार्लमेंटनं छापण्याआधी परवाना घेण्याची सक्ती परत आणली. त्याविरुद्ध कवी जॉन मिल्टननं 1644 ला पुस्तिका काढली, तिच्यावर मिल्टनचं नाव आहे पण मुद्रकाचं नाही, ते का नाही हे ट्विनची गोष्ट वाचल्यावर वेगळं सांगायला नको.

त्याच मिल्टनचा 27 एप्रिल 1667 चा करार बघा. अंध झालेल्या माणसानं दुसऱ्यांना सांगून लिहून घेतलेलं महाकाव्य 'पॅराडाइज लॉस्ट', त्यासाठी मुद्रक सॅम्युअल सिमन्सनं हातात दिले 5 पौंड, आणि पहिल्या आवृत्तीच्या 1,300 प्रती खपल्या की आणखी 5. हयातीत त्याला मिळाले एकूण 10 पौंड. 1680 मध्ये त्याच्या विधवेनं उरलेला सगळा हक्क 8 पौंडांना सोडून दिला. आणि तरी तेव्हाच्या मानानं हा करार चांगला म्हणायचा, कारण खपावर लेखकाला पैसे हे कागदावर आलं तरी.

परवान्याचा कायदा शेवटी 1695 ला संपला आणि पार्लमेंटनं तो परत लावला नाही. मग कुठे लंडनबाहेर ब्रिस्टलसारख्या गावांत छापखाने निघाले, आणि 11 मार्च 1702 ला इंग्लंडचं पहिलं दैनिक फ्लीट स्ट्रीटवरून निघालं, ते काढणारी एलिझाबेथ मॅलेट नावाची बाई होती. पण कंपनीच्या विक्रेत्यांना आता आपल्या हक्काची काळजी लागली, त्यांनी पार्लमेंटच्या मागे लागून 1710 चा कायदा करून घेतला. आणि त्यात पहिल्यांदा हक्काचा धनी म्हणून लेखकाचं नाव आलं. नव्या पुस्तकाला 14 वर्षं, तेव्हा लेखक हयात असेल तर आणखी 14. विक्रेत्यांना कायमचा हक्क हवा होता, तो या कायद्यानं दिला नाही.

लेखाचा पुढचा भाग येणार आहे असं खाली छापलंय. त्यात 1695 ते 1710 ही पंधरा वर्षं कृपा करून गाळू नका, आणि जागा असेल तर जॉन ट्विनचं नाव येऊ द्या एवढीच विनंती.

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक