जहाजांचा हिशेब झाला, माणसांचा?

महोदय,

अणुबॉम्बचा विषय निघाला की बोलणे हिरोशिमा-नागासाकीवर येऊन थांबते. त्यानंतरच्या चाचण्या आणि त्यांची आवराआवर कुणाला आठवत नाही. अमेरिकेने 1946 च्या जुलैत प्रशांत महासागरातल्या मार्शल बेटांपैकी बिकिनीवर केलेल्या ‘ऑपरेशन क्रॉसरोड्स’ या अणुचाचण्यांविषयी वाचताना मी स्फोटांपेक्षा या आवराआवरीनेच जास्त अस्वस्थ झाले.

25 जुलैला दुसऱ्या चाचणीत ‘बेकर’ बॉम्ब पाण्याखाली फोडला गेला. उसळलेल्या किरणोत्सारी पाण्याने लक्ष्य म्हणून उभी केलेली जहाजे न्हाऊन निघाली. मग खलाशांना ब्रश आणि साबण देऊन ती घासायला पाठवले! घासून किरणोत्सार जातो का? सुरक्षेची जबाबदारी असलेले डॉक्टर, कर्नल स्टॅफर्ड वॉरन, काम थांबवा म्हणून सांगत होते. नौदलाला जहाजे परत हवी होती. शेवटी तिथल्या पाण्यातला मासा फिल्मवर ठेवून उमटलेले चित्र त्यांनी अधिकाऱ्यांपुढे ठेवले. माशाच्या अंगातल्या किरणोत्सारानेच ती आकृती उमटली होती. 10 ऑगस्टला घासणे थांबले. पुढे तिसरी चाचणी रद्द झाली आणि 1 नोव्हेंबरला पथक बरखास्त झाले.

कोणते जहाज बुडाले, कोणते ओढून नेले, याची नोंद आहे. पण मोहिमेत 42,000 हून अधिक माणसे होती आणि किरणोत्सार मोजणारे फिल्म बॅज मिळाले जेमतेम 15 टक्क्यांना. ज्याच्या छातीवर बॅजच नव्हता, त्याने पुढे आजारपणात सरकारला कोणता आकडा दाखवायचा? मोहीम आटोपताना हा प्रश्न कुणाला तरी पडायला हवा होता.

बिकिनीच्या 167 रहिवाशांना त्याच मार्चमध्ये हलवले होते. काही कुटुंबे 1970 च्या दशकात परतली. 1978 मध्ये त्यांना पुन्हा बेट सोडावे लागले. मार्शल बेटांच्या दावे न्यायाधिकरणाने पुढे दोन अब्ज डॉलरहून अधिक भरपाई मंजूर केली, पण त्यासाठीचा मूळ निधीच 15 कोटींचा. बहुतेक रक्कम आजही थकलेली आहे.

मार्शल बेटांतच असलेल्या एनेवेटाक या दुसऱ्या चाचणीस्थळाची सफाई 1977 ते 1980 या काळात सुमारे 4,000 अमेरिकी सैनिकांनी केली. दूषित माती रुनित बेटावरच्या स्फोटाच्या खड्ड्यात भरून वर काँक्रीटचा घुमट बांधला. तळाला अस्तर नाही. या सैनिकांचा किरणोत्साराशी संबंध आला, हे कायद्याने मान्य व्हायला 2022 साल उजाडले. त्यातले कितीतरी तोवर हयात नव्हते.

– एक वाचक